उन्हाळा, जुना संगणक आणि नणंदेचा अभ्यास

आमच्या संगणकाला सासूबाईंनी क्रोशाचे पांढरे झाकण विणले आहे. चारी बाजूंनी झालर आणि मधोमध मोर. टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, शिवणयंत्राला झाकण, मग या खोक्यानेच काय घोडे मारले होते? शिवाय आमच्याकडची धूळ तुम्हाला ठाऊक आहेच. माघ-फाल्गुनात ज्वारीची काढणी सुरू झाली की काळ्या रानाची माती आणि कडब्याचा भुसा घरभर असतो. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहावे! त्यामुळे झाकण कायमचेच असे. संगणक चालू असला तरी पुढची झालर वर करून बटण दाबायचे, एवढेच.

संगणक जुना आहे. यांच्या मित्राने पुणे सोडताना दिलेला, इंटेलच्या कोअर टू ड्युओ जातीचा, म्हणजे वय पंधराच्या पुढे. हिशेब, शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि मुलांची गाणी यांना तो पुरत होता. पण गेल्या वर्षी धाकट्या नणंदेची बारावी झाली आणि एप्रिलात सीईटी होती. लातूरला शिकवणीला ठेवणे आम्हाला झेपणारे नव्हते. घरात बरा फोन एकच, आणि तो यांच्याबरोबर रानात. तेव्हा तिचा सगळा अभ्यास या संगणकावर व्हिडिओ बघून चालायचा.

मार्च संपता संपता एका दुपारी ती फिजिक्सचा पहिलाच धडा उजळत होती. बाहेर ऊन रणरणत होते. संगणकाचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा वाढत गेला आणि पडदा एकदम काळा! दहा मिनिटांनी सुरू झाला, पाव तासात पुन्हा बंद. दोन दिवस हेच. गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने खोके न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला वहिनी, नवाच घ्या, तीस हजारांत बसवून देतो." सोयाबीनचे पैसे केव्हाच संपले होते. नणंद काही बोलली नाही. वही घेऊन मागच्या ओसरीवर जाऊन बसली. ते न बोलणेच मला जास्त लागले.

मी कॉलेजात असताना एमएस-सीआयटी केले होते. २००२ पासून आपल्या राज्यात गावोगाव निघालेल्या त्या वर्गांत माझ्यासारख्या कितीजणी पहिल्यांदा कीबोर्डला हात लावून आल्या असतील! तिथे चपला बाहेर काढाव्या लागत. मला वाटे, देवळासारखा मान आहे. कारण साधे होते, धूळ आत जाऊ नये. टंकलेखन शिकवले, तक्ते शिकवले, पण खोक्याच्या आत काय असते ते कोणी दाखवले नाही.

मी अर्धवेळ शिकवते त्या शाळेतल्या संगणकाच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "बाई, मशीन मेलं नाही. तापलं की ते स्वतःच बंद होतंय, जीव वाचवतंय बिचारं."

मग त्यांनी समजावले ते असे. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर, टपालाच्या तिकिटाहूनही लहान सिलिकॉनचा तुकडा. आमच्या जातीचा प्रोसेसर भरपूर काम करताना ६५ वॅटपर्यंत उष्णता टाकतो. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहा, आणि तेवढी उष्णता तिकिटाएवढ्या जागेत कल्पून पाहा! ती ओढून घ्यायला वर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांचा ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. पंखा खोलीतलीच हवा फिरवतो, थंड करत नाही. म्हणून माघात खोली २२ अंश असताना जो प्रोसेसर ५५ वर राहतो, तोच खोली ३९ झाली की सत्तरीच्या पुढे जातो. त्यात पट्ट्यांमध्ये धूळ बसली आणि वरून झाकण असले, तर नव्वदी गाठायला वेळ लागत नाही.

शनिवारी दुपारी शाळेतून आल्यावर आम्ही दोघी नणंद-भावजयींनी खोके अंगणात आणले. आधी बटण बंद, वायरी काढून बाजूला. मग हात एकदा आतल्या उघड्या पत्र्याला लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. बाजूचा पत्रा काढला आणि काय सांगू, पट्ट्यांवर धुळीची चक्क गोधडी! कोरडा मऊ ब्रश आणि सायकलचा पंप, एवढीच हत्यारे. पंख्याच्या पात्यांत पेन्सिल अडकवून धरावी, नाहीतर हवेच्या झोताने तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो. ओले फडके अजिबात नको. वीजपुरवठ्याची डबी मात्र बाहेरून झटकायची, उघडायची नाही. वायर काढली तरी तिच्यात झटका बसेल इतकी वीज काही काळ साठून असते.

ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये लावलेला राखाडी लेप, थर्मल पेस्ट म्हणतात तो, वाळून खपली झाला होता. सरांनी आणून दिलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो पुसला आणि नवा लेप तुरीच्या दाण्याएवढा लावला. जास्त लावून उपयोग नाही, तो काही चेहऱ्याचा लेप नव्हे.

मोठ्या उमेदीने बटण दाबले आणि दोन मिनिटांत पुन्हा काळोख! माझे पाणीच पळाले. आता खरोखरच मी मोडला, तीस हजारांचे काय करायचे? नणंद म्हणाली, "वहिनी, पुन्हा उघडून बघू की." तिचेच डोळे तीक्ष्ण. ठोकळ्याच्या चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांपैकी एक बसलीच नव्हती, म्हणून ठोकळा एका अंगाने उचललेला राहिला होता. लेप पुसून पुन्हा लावला, समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या, चारही वेळा 'टक' आवाज ऐकला.

तपमान दाखवणारा कोअर टेम्प नावाचा फुकट प्रोग्राम सरांनी घालून दिला होता. त्या संध्याकाळी व्हिडिओ चालू असताना आकडा ७४. सासूबाईंना वाटले कुणाला ताप आला!

पण दुपारी तो पुन्हा ८५ च्या वर जाई. याचे कारण व्हिडिओत निघाले. व्हिडिओ इंटरनेटवरून येतो तो घडी घालून, ट्रंकेत दाबून भरलेल्या लुगड्यासारखा. ती घडी सेकंदाला पंचवीस-तीस वेळा उलगडावी लागते. यूट्यूबच्या नव्या घड्या, व्हीपी नाइन आणि एव्ही वन नावाच्या, फार घट्ट असतात. नव्या संगणकांच्या ग्राफिक्स भागाला त्या येतात, जुन्याला येत नाहीत. मग सगळा भार एकट्या प्रोसेसरवर. जुनी घडी, म्हणजे एच २६४, मागवण्याची फुकट जोडणी ब्राउझरला मिळते, ती बसवली. आणि चित्राची प्रत १०८० वरून ४८० वर आणली. १०८० च्या चित्रात वीस लाखांवर ठिपके असतात, ४८० मध्ये जेमतेम चार लाख. फळ्यावरची गणिते वाचायला तेवढे पुष्कळ झाले. बारीक अक्षर आले की तेवढ्यापुरते ७२० करायचे. उगाच उघडी ठेवलेली इतर पानेही बंद केली.

खोके भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीवरून उचलून पाटावर ठेवले. केर काढताना उडणारी धूळ खालीच जास्त असते. बाजूचा पत्रा उघडा ठेवावा असे यांचे म्हणणे, पण आमच्या गावात ते नको; दोन दिवसांत गोधडी परत. कूलरही लावावा, मात्र खिडकी किलकिली ठेवून आणि झोत खोक्यावर थेट न सोडता. ओल आणि धूळ एकत्र आली की पट्ट्यांत चिखल बसतो. अवघड धडे पहाटे पाचला बघायचे ठरले. तेव्हा खोलीही गार आणि डोकेही.

एप्रिलात एकदाही पडदा काळा झाला नाही. दुपारचा आकडा सत्तरीतच राहिला. परीक्षेच्या आदल्या रात्रीपर्यंत ती त्याच्यासमोर होती, आणि हे सोडायला गेले तेव्हा फाटकापाशी वळून मला म्हणाली, "वहिनी, मी नसताना झाकण घालू नका हं."

झाकणाचे सासूबाईंना सांगणे हे या सगळ्यात अवघड काम होते. संगणक बंद करून थंड झाला की रात्री घालायचे आणि सकाळी काढायचे, एवढ्यावर तडजोड झाली. सकाळी ते काढायला त्या स्वतःच येतात, आणि आकडा किती झाला ते विचारून जातात.