घरचा व्हिडिओ, भाग ५ : बारी सावकाश, पालखी झरझर

मागच्या भागात आपण क्लिप कापायला आणि जोडायला शिकलो. आज तिचा वेग बदलू.

डिसेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी दिली आणि चाकण-खेडच्या घाटांत बैलगाडे पुन्हा धावू लागले. बारी, म्हणजे एका गाड्याची धाव, काही सेकंदांत संपते, म्हणून घरी आल्यावर ती सावकाश पाहावीशी वाटते. क्लिपचा वेग ५० टक्के केला की १२ सेकंदांची बारी २४ सेकंद चालते. पण बैल अडखळत पळताना दिसतात.

याचे कारण फ्रेममध्ये आहे. मोबाइल साधारणपणे सेकंदाला ३० फ्रेम टिपतो. वेग निम्मा केला की प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला १५च येतात आणि प्रोग्रॅम त्याच फ्रेम दोनदा दाखवतो. चित्रण सेकंदाला ६० फ्रेमने केले असेल, तर निम्म्या वेगालाही ३० पुरतात. १२० असतील तर वेग २५ टक्क्यांपर्यंत खाली आणता येतो. म्हणून सावकाश दाखवायचे असेल, तर ते घाटात उभे असतानाच ठरवा आणि कॅमेऱ्यात स्लो मोशन निवडा. त्याला उजेड भरपूर लागतो. खंडेनवमीला भोसरीच्या शेडमधली यंत्रपूजा अशी टिपाल, तर चित्र लुकलुकण्याची शक्यता असते, कारण आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते.

वेग वाढवताना ही अडचण नसते. तिथे फ्रेम फक्त गाळायच्या असतात. दादासाहेब फाळके यांनी १९१२मध्ये कुंडीतल्या वाटाण्याची वाढ ठरावीक अंतराने एकेक फ्रेम टिपून चित्रित केली. अनेक दिवसांची वाढ प्रेक्षकांसमोर झरझर उलगडली. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामी येते तेव्हा तुम्हीही हे करून पाहा. मोबाइल गच्चीवर तिपाईला घट्ट बसवा आणि तासभराचे चित्रण घ्या. १०० पट वेगाने ते ३६ सेकंदांत मावते.

कृती सोपी आहे. शॉटकट या मोफत प्रोग्रॅममध्ये क्लिप निवडून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. ‘स्पीड’च्या चौकटीत निम्म्या वेगासाठी ०.५, दुपटीसाठी २ लिहा. लांबी बदलल्यावर पुढच्या क्लिप नीट सरकल्या का, ते तपासा. अख्खी बारी मंद करू नका. निशाणाच्या आधी आणि नंतर काप द्या आणि मधल्या दोन सेकंदांचाच वेग उतरवा. आधीची धाव मूळ वेगात राहिली, तरच तो क्षण उठून दिसतो.

वेगाबरोबर आवाजही बदलतो: वाढवला की चिरका, उतरवला की घोगरा. ‘पिच कॉम्पेन्सेशन’वर खूण केली की पट्टी टिकते, पण लय बदलतेच. म्हणून टाळ-मृदंगाचा आवाज वेगळा काढा आणि झरझर चित्राखाली मूळ लयीतच वाजू द्या. तो वेगळा कसा काढायचा, ते पुढच्या आठवड्यात पाहू. तोवर एकच क्लिप ०.५, १ आणि २ या तीन वेगांत शेजारी लावून पाहा.