पाषाणावरील हिमलेख

उमरगा हे गाव बालाघाटच्या पठारावर वसलेले आहे. उन्हाळ्यात तेथील काळी शिळा दुपारी इतकी तापते की, तिच्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. वळवाच्या पावसाबरोबर एखादे वेळी गारा पडतात. मुले त्या वेचावयास धावतात. परंतु अंगणातून घरात येईपर्यंत ओंजळीत नुसते पाणी उरते. अशा प्रदेशातील मुलास, ‘महाराष्ट्रात एके काळी बर्फाच्या नद्या होत्या,’ असे सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही. परंतु ही गोष्ट खरी आहे. आणि तिचा पुरावा महाराष्ट्रातीलच एका खडकावर कोरलेला आहे.

तो पुरावा वाचावयाचा, तर हिमनदी कशी असते हे प्रथम जाणून घेतले पाहिजे. उत्तराखंडातील गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात आजही हिमनद्या आहेत. तेथील उंच शिखरांवर वर्षानुवर्षे हिम साचते. वरच्या थरांच्या भाराने खालचे हिम दडपले जाऊन त्याचा कठीण बर्फ बनतो आणि तो उतारावरून हळूहळू सरकू लागतो. हीच हिमनदी होय. गंगोत्रीची हिमनदी सुमारे ३० किलोमीटर लांब आहे. तिच्या मुखाशी, गोमुख येथे, बर्फाखालून भागीरथीचा प्रवाह बाहेर पडतो.

हिमनदीची चाल मंद असली, तरी तिचे बळ अफाट असते. तिच्या तळाशी गोठून बसलेले दगड कानशीच्या दातांप्रमाणे खालचा खडक घासतात. त्यामुळे खडक गुळगुळीत होतो व त्यावर सरळ, समांतर रेघा उमटतात. त्या दगडांच्या बाजूही घासून सपाट होतात. कोठे ती भूमी खरवडून खोलगट करते. पुढे बर्फ वितळला की तेथे सरोवर होते.

हिमनदी व पाण्याची नदी यांत आणखी एक भेद आहे. पाण्याची नदी आपला भार निवडून टाकते. वेग कमी होताच प्रथम गोटे, नंतर वाळू व शेवटी गाळ खाली बसतो. हिमनदीला अशी निवड करता येत नाही. बर्फ वितळला की मोठमोठे धोंडे व बारीक माती एकाच ठिकाणी पडतात.

इ. स. १८५६ मध्ये ओरिसातील तालचेर येथे ब्लॅनफर्ड बंधू व त्यांचे सहकारी थिओबाल्ड या भूगर्भशास्त्रज्ञांना असाच एक थर आढळला. बारीक गाळाच्या खडकात मोठे धोंडे रुतलेले होते. जो प्रवाह एवढे धोंडे वाहून नेईल, तो बारीक गाळ तेथे कसा राहू देईल? हे काम बर्फाचेच असावे, असा तर्क त्यांनी केला. परंतु उष्ण हिंदुस्थानात बर्फ कोठून आला, अशी शंका घेण्यास जागा होती.

ही शंका चंद्रपूरजवळ फिटली. १८७२ मध्ये फेडन या शास्त्रज्ञाला पैनगंगेच्या काठी इरई येथे धोंड्यांचा तसाच थर सापडला. त्याच्याखालील चुनखडीचा खडक झिलई दिल्यासारखा गुळगुळीत होता आणि त्यावर लांब, समांतर रेघा ओढलेल्या होत्या. वरच्या धोंड्यांवरही तसेच ओरखडे होते. पाणी दगड गुळगुळीत करील. पण अशा सरळ रेघा ओढणे त्याला साधणार नाही. पूर्वीचा तर्क खरा ठरला.

मग येथे बर्फ आला कसा? सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी भारताची भूमी दक्षिण ध्रुवाच्या बाजूस होती. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया व अंटार्क्टिका हे खंड तिला जोडलेले होते. आपल्या मध्यभारतातील गोंडांच्या प्रदेशावरून त्या महाखंडाला ‘गोंडवन’ हे नाव मिळाले. आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियातही अशाच हिमखुणा आढळतात. पुढे तो महाखंड दुभंगला व भारतभूमी उत्तरेकडे सरकत आली. उमरग्याची काळी शिळा त्यामानाने पुष्कळच तरुण आहे. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसातून घडली. भारतभूमी आशियाला भिडून हिमालय उंचावला, तो त्याहूनही नंतर.

इरईचा बर्फ वितळल्यावर त्या प्रदेशात दाट अरण्ये वाढली. ती गाडली जाऊन त्यांचा दगडी कोळसा झाला. चंद्रपूर व वणी येथील खाणींतून निघतो, तो हाच कोळसा. आज जगभर कोळसा व खनिज तेल जाळल्यामुळे हवेत कार्बन डायऑक्साइड वायू वाढत आहे, पृथ्वी तापत आहे आणि गंगोत्रीची हिमनदीही मागे हटत आहे.

इरईचा बर्फ गेला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता. आज गंगेच्या काठी कोट्यवधी लोक राहतात, आणि उन्हाळ्यात गंगेच्या उगमाकडील पाण्यास हिमालयातील बर्फाचा आधार असतो. म्हणून हिमनदी म्हणजे केवळ दूरच्या पर्वताचे भूषण नव्हे. ते माणसांनी जपावयाचे पाणी आहे.