पडदा म्हणतो, ‘नो सिग्नल’

शाळेच्या संगणक-कक्षात प्रकल्पाचे सादरीकरण अर्ध्या तासावर आले आहे. तुम्ही संगणकाचे बटण दाबता. पेटीतला पंखा घरघरू लागतो, पण मॉनिटरचा पडदा काळाच. क्षणभर त्यावर एक छोटी चौकट उमटते, तीत ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे दिसतात आणि मग तीही मावळते. “मॉनिटर गेला,” कोणीतरी निकाल देऊन टाकते. एखादा वीर त्याच्या पाठीत थाप मारून पाहतो. पुढल्या आठवड्यात मॉनिटरवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी चिकटते आणि तो कपाटावर धूळ खात बसतो. त्याच्या जागी नवा घ्यायचा, तर शाळेला काही हजार रुपये मोजावे लागतात.

पण जरा थांबा. ज्याने स्वतः अक्षरे उमटवून आपली तक्रार सांगितली, तो मॉनिटर ‘गेला’ कसा? चौकट दिसली, याचा अर्थ त्याला वीज मिळत आहे, पडद्यामागचा दिवा लागतो आहे आणि आतली बरीचशी मंडले शाबूत आहेत. ‘मला संगणकाकडून काही ऐकू येत नाही’ एवढेच तो सांगतो आहे. आता दोष बोलणाऱ्याचा, ऐकणाऱ्याचा की मधल्या तारेचा, हे शोधणे आपले काम.

त्यासाठी आधी या तारेतून काय वाहते ते पाहू.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यानंतरची पंचवीस-तीस वर्षे ज्यांनी पाहिली, त्या तुमच्या आजी-आजोबांना विचारा. गच्चीवरची अँटेना वाऱ्याने फिरली किंवा तिच्यावर कावळा बसला, की पडद्यावर ‘मुंग्या’ येत. मग एकाने गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायची आणि खालच्याने खिडकीतून ओरडायचे, “अजून थोडी! आता आलं, आता गेलं!” तो संदेश सदृश, म्हणजे अॅनलॉग होता. चित्राचा भाग जितका उजळ किंवा काळोखा, त्यानुसार विद्युत्दाब कमीजास्त होई. वाटेत जो गोंगाट मिसळे तो थेट चित्रात उतरे. संदेश थोडा क्षीण झाला तर चित्र थोडे बिघडे, जास्त क्षीण झाला तर जास्त बिघडे. बिघाड पायरीपायरीने येई आणि म्हणून तो आधी कळे. संगणकाच्या मॉनिटरलाही १९८७ पासून जी व्हीजीए केबल जोडत, ती याच जातीची.

१९९९ मध्ये डीव्हीआय आणि २००२ च्या अखेरीस एचडीएमआय ही जोडणी आली. यांतून जातात ते केवळ शून्य आणि एक. संदेश अंकीय, म्हणजे डिजिटल झाला. किती शून्ये आणि किती एक, याचा हिशोब करून पाहा. मोठा मजेदार आहे. पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात असे धरू. ओळी-ओळींच्या आणि चित्रा-चित्रांच्या मधला मोकळा काळ जमेस धरला, की ते २२०० गुणिले ११२५ इतके होतात. असे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचे. गुणाकार येतो १४ कोटी ८५ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग असतात. प्रत्येक रंगाला तारांची एक स्वतंत्र जोडी असते आणि रंगाचे ८ बिट पाठवताना त्यांचे मुद्दाम १० बिट केलेले असतात. म्हणजे एका जोडीतून सेकंदाला १४८ कोटी ५० लाख बिट! एका बिटाच्या वाट्याला सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकाच वेळ येतो. तारेतला संदेश प्रकाशाच्या वेगाच्या साधारण दोन-तृतीयांश वेगाने धावतो असे मानले, तर तेवढ्या वेळात तो १३-१४ सेंटिमीटर जातो. तुमच्या टेबलामागच्या दोन मीटर केबलमध्ये कोणत्याही क्षणी एका रंगाचे फक्त पंधराएक बिट वाटेवर असतात.

इतक्या घाईने बदलणारा प्रवाह तारेला सहजी मानवत नाही. कंप्रता वाढली की प्रवाह तारेच्या गाभ्यातून न जाता पृष्ठभागाशी दाटतो, त्यामुळे रोध वाढतो. शिवाय तारेभोवतीचे आवरणही थोडी ऊर्जा खाते. केबल जितकी लांब, तितका हा तोटा अधिक. निघताना काटकोनी असलेली शून्य-एकची पायरी पोहोचेपर्यंत गोलसर, बुटकी होते. मॉनिटरमधला ग्राहक मात्र प्रत्येक बिटापुरता एकच प्रश्न विचारतो: हे शून्य की एक? उत्तर बरोबर आले, की बिट कितीही दमून आलेला असो, चित्र अगदी नव्यासारखे दिसते.

आणि फसगत होते ती इथेच. केबलमधली एखादी तार महिनोन् महिने कमकुवत होत असते, पिनेवर मळ साचत असतो, पण पडद्यावर त्याची खूण दिसत नाही. शेवटी एके दिवशी ग्राहकाला शून्य आणि एक यांत भेद करता येईनासा होतो. मधल्या अरुंद टप्प्यात चित्रावर पांढरे किंवा रंगीत ठिपके चमचमतात. ते दिसले तर नशीब समजा. एरवी कडा संपावा आणि दरी लागावी तसा पडदा एकदम काळा होतो. म्हणून “काल तर छान चालत होता, म्हणजे केबल चांगलीच असणार” हा युक्तिवाद जुन्या दूरचित्रवाणीला शोभला असता, इथे तो टिकत नाही.

एवढ्यावर भागले असते तर बरे, पण आणखी एक भानगड आहे. चित्र पाठवण्यापूर्वी संगणक आणि मॉनिटर यांची ओळखपरेड होते. एचडीएमआयच्या १९ पिनांपैकी १८ व्या पिनेवरून संगणक ५ व्होल्टचा दाब देतो. मॉनिटर १९ व्या पिनेवरून उलट खूण करतो, ‘मी हजर आहे’. मग संगणक १५ आणि १६ या पिनांवरून मॉनिटरचे ओळखपत्र वाचतो. त्यात बनावट, आकार, कोणकोणती चित्रे दाखवता येतील, असा मजकूर असतो. त्याचा मूळ भाग अवघा १२८ बाइटांचा. शेवटचा बाइट असा ठेवलेला असतो, की सगळ्या १२८ बाइटांच्या बेरजेला २५६ ने नि:शेष भाग जावा. गेला नाही, तर वाचताना चूक झाली हे संगणकाला कळते. वर्गात बाई हजेरीची बेरीज ताडून पाहतात, त्यातलाच हा प्रकार. ही हजेरी चुकली, तर रंगांच्या तिन्ही जोड्या धडधाकट असूनही संगणक चित्र पाठवीतच नाही. मॉनिटर मात्र तेच जुने वाक्य दाखवतो.

रोग तीन आणि लक्षण एक, अशी ही स्थिती आहे. संगणक स्वतःच सुरू झालेला नसेल, ओळख पटली नसेल किंवा बिट वाटेत विस्कटले असतील. यांतला कोणता, हे थाप मारून कळत नाही.

पडद्यावर नेमके काय लिहून येते ते आधी वाचा. ‘आउट ऑफ रेंज’ असे आले, तर संदेश पोहोचतो आहे, पण संगणकाने मॉनिटरला न झेपणारे चित्र पाठवले आहे. तिथे केबल उपसण्यात अर्थ नाही. काहीच न उमटता पडदा काळा राहिला, तर अंधार करून विजेरीचा झोत पडद्यावर तिरका टाका. फिकट चित्र दिसले तर संदेश येतो आहे, पडद्यामागचा दिवा तेवढा गेला आहे. ते काम मात्र कारागिराचे. मॉनिटरची पाठ तुम्ही उघडू नका. वीज बंद केल्यावरही आतल्या धारित्रांत काही काळ भार राहतो.

‘नो सिग्नल’च असेल, तर कळफलकावरची कॅप्स लॉकची कळ दाबा. तिचा दिवा लागला-विझला, तर संगणक जागा आहे. दिवा हललाच नाही, तर बहुधा मॉनिटर निर्दोष असून दुखणे पेटीत आहे. मग मॉनिटरच्या बटणांनी पाहा की तो योग्य दारावर कान देऊन बसला आहे ना. केबल एचडीएमआयला जोडलेली आणि निवड मात्र व्हीजीएची, हा प्रकार इतका साधा, की तोच सर्वांत शेवटी आठवतो. झाडलोट करताना केबल काढून पुन्हा लावली असेल, तर पेटीच्या मागेही डोकवा. काही संगणकांत चित्राचे स्वतंत्र कार्ड असते. अशा वेळी वरच्या, मूळ फलकावरच्या भोकात केबल खुपसली तर बहुतेकदा पडदा काळाच राहतो.

पुढचा उपाय वेडगळ वाटेल, पण त्याला कारण आहे. मॉनिटरचे भिंतीवरचे बटण बंद करा आणि मिनिटभर थांबा. मॉनिटरवरचे बटण त्याला फक्त झोपवते. त्यातला छोटा नियंत्रक जागाच असतो आणि ओळखपरेडीत गोंधळला असेल, तर गोंधळलेलाच राहतो. वीज पूर्ण तोडली की तो पहिल्यापासून हजेरी देतो.

तरीही पडदा काळाच, तर आता खरा प्रयोग. तुमच्याकडे शेजारी चालता संच आहे, हे मोठे भाग्य समजा. शिक्षकांना विचारून, दोन्ही संच बंद करून, फक्त केबलींची अदलाबदल करा. दोष केबलीबरोबर शेजारी गेला? सापडला. जागीच राहिला? केबली पूर्ववत लावा आणि आता फक्त मॉनिटर बदला. दोष मॉनिटरमागे गेला तर तो मॉनिटरचा, नाही गेला तर संगणकाचा. दोन अदलाबदलींत तीन संशयितांतला एक हाती लागतो. अट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय बदलले ते वहीत लिहायचे. घाईने केबलही बदलली, मॉनिटरही बदलला आणि पडदा उजळला, तर तुम्हाला आनंद होईल, पण कशाने उजळला हे कधीच कळणार नाही.

सर्वांत चिवट दोष म्हणजे येऊन-जाऊन असणारा. चित्र दहा मिनिटे दिसते, दोन सेकंद जाते, पुन्हा येते. अशा वेळी चित्र असताना ठिपक्यांची संख्या १२८० गुणिले ७२० वर आणा. सेकंदाला जाणाऱ्या बिटांची संख्या बरोबर निम्मी होते आणि प्रत्येक बिटाला दुप्पट वेळ मिळतो. आता पडदा तासभर स्थिर राहिला, तर केबल थकली आहे असा दाट संशय घ्यायला हरकत नाही. नवी, शक्य तितकी आखूड केबल लावून खात्री करा. तरीही चित्र जात असेल, तर नेमके कधी जाते ते टिपा. पंख्याचे बटण दाबल्यावर? कोणी खुर्चीवरून उठल्यावर? हसू नका. गॅसच्या नळकांड्यावर वरखाली होणाऱ्या कार्यालयीन खुर्चीवरून माणूस उठला, की स्थिर विद्युतभाराची बारीकशी ठिणगी उडू शकते. तिच्या लहरी कच्च्या केबलने पकडल्या की पडदा क्षणभर जातो. तारांच्या जोड्या पिळलेल्या असतात आणि दोन्ही तारांवर उलटसुलट संदेश असतो, तो अशा गोंगाटाची वजाबाकी व्हावी म्हणूनच. पण जोडीतली एक तार सैल असेल तर वजाबाकी करायची कशातून?

व्हीजीए आणि डीव्हीआयच्या खटक्याला दोन बाजूंनी स्क्रू असत. एचडीएमआयचा खटका नुसत्या पकडीवर राहतो. कित्येक मॉनिटरांत तो खालून वर लावायचा असतो, त्यामुळे केबलचे वजन त्याला सतत ओढत असते. मॉनिटरच्या पायाला केबल सैलसर बांधून ठेवली, की हा ताण जातो. आणि एखादी केबल सदोष ठरली, तर तिला लगेच लाल दोऱ्याची गाठ मारा. नाही तर कोणीतरी ती गुंडाळून पुन्हा खणात ठेवील आणि पुढच्या सादरीकरणाच्या दिवशी नेमकी तुमच्याच हाती येईल.