घर कोणाचे? दुखानचे क्वार्टर आणि आपले शिकुन

दोहाच्या पश्चिमेस सुमारे 80 किलोमीटरवर, समुद्रकाठी, दुखान हे कतारचे तेलनगर आहे. 1940 च्या सुमारास येथे तेल लागले. महायुद्धामुळे काम थांबले आणि 1949 च्या अखेरीस पहिली निर्यात झाली. ओसाड वाळूत माणसे आणावयाची तर त्यांस निवारा देणे कंपनीस भागच होते. अधिकाऱ्यांचे बंगले, कारकुनांची घरे व मजुरांचे कँप अशी दर्जावार वसाहत उभी राहिली. आज तेथील कारभार 'कतार एनर्जी' ही सरकारी कंपनी पाहते.

ज्या वडीलधाऱ्यांनी मुंबईत पागडी भरून चाळीतली एक खोली मिळविली, त्यांस असे आयते क्वार्टर म्हणजे भाग्यच वाटेल. परंतु ते घर माणसाचे नव्हे, नोकरीचे असते. नोकरी संपली की किल्ली परत; आणि परदेशी माणसाचा वास्तव्याचा परवानाही बहुधा नोकरीशीच बांधलेला असल्याने घराबरोबर देशही सुटतो.

कतार सरकार घरे देतच नाही, असे मात्र नव्हे. अल्प उत्पन्नाच्या नागरिकांसाठी 1964 साली कायदा झाला. 2007 च्या कायद्याने भूखंड व कर्जाची सोय केली. या योजना नागरिकांच्या. मजुरांच्या वाट्यास 2010 चा 15 क्रमांकाचा कायदा आला, ज्याने कुटुंबवस्तीत मजुरांची निवासस्थाने ठेवण्यास मनाई केली. ज्यांनी शहर बांधले ते शहराबाहेर!

आपली गोष्ट निराळी. आपली माणसे येथे आली ती नागरिक म्हणून. माबारातील तंबू व पत्र्याच्या खोल्या आपल्या ज्येष्ठांस आठवत असतील. पुढे दिमोना, बेरशेबा, अश्दोद येथे शिकुन मिळाले. (आपल्या मराठी कानांस हा शब्द 'शाळा शिकून' असा ऐकू येतो, ते असो.) 1949 मध्ये स्थापन झालेल्या 'अमिदार'ने ही घरे भाड्याने दिली, पुष्कळ भाडेकरूंस सवलतीत विकलीही. 1998 च्या कायद्याने खरेदीचा हक्क अधिक पक्का केला, तथापि त्याचा अंमल वर्षानुवर्षे लांबला.

आमच्या मते हाच मार्ग न्याय्य. पण दुखानचे क्वार्टर रिकामे होऊन पुढल्यास मिळते. विकलेले शिकुन सरकारकडे परत येत नाही. विक्रीच्या पैशातून नवी घरे घ्यावयाची, असा कायद्याचा हेतू होता. तेवढी घेतली गेली नाहीत, आणि नंतर आलेली कुटुंबे आजही प्रतीक्षायादीत आहेत.