कपाटातला टीव्ही आणि कोपीतला मोबाइल

तुमच्या गावच्या शाळेत मोठा टीव्ही आहे का? असला तर तो आठवड्यातून किती वेळा लागतो, हे तुम्ही कधी विचारलंत का? बैल घ्यायचा म्हटलं की आपण त्याचे दात बघतो, चालवून बघतो, चार माणसांना विचारतो. शाळेला यंत्र घ्यायचं म्हटलं की वर्गणी देतो, नारळ फोडतो आणि घरी येतो. पुढं त्याचं काय झालं, ते गुरुजी जाणोत!

मी त्या गुरुजींपैकीच एक. १९८५ साली बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरातल्या एका लहान गावी रुजू झालो आणि २०२२ साली निवृत्त झालो. सदतीस वर्षांत शाळेत आलेली झाडून सारी यंत्रं मी पाहिली. काही माझ्याच हातानं कपाटात कुलूपबंद केली. तेव्हा हा कबुलीजबाब आहे असं समजा.

मी गेलो तेव्हा चार वर्ग एका खोलीत बसत. पावसाळ्यात खोली गळायला लागली की आम्ही मारुतीच्या देवळात. फळा म्हणजे भिंतीचाच काळा केलेला तुकडा. दिवाळीची सुट्टी संपली की मुलं घरून टॉर्चचे संपलेले सेल आणत. त्यातली काळी पूड हिरव्या पाल्याच्या रसात कालवून आम्ही फळा सारवत असू. हात आठवडाभर काळे राहायचे.

पण पाटीचं मला अजून कौतुक वाटतं. चुकलं की पुसलं. वहीत लाल फुली राहते, पाटीवर राहत नाही. शिवाय, "दाखवा" म्हटलं की साऱ्या पाट्या एकदम वर होत आणि हातच्याचं गणित कुणाचं चुकलं, ते एका नजरेत कळे. पुढं इतकी यंत्रं आली, पण पोराच्या डोक्यात काय चाललंय हे इतक्या झटकन दाखवणारं यंत्र मला पुन्हा मिळालं नाही.

१९८६ साली नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं आणि १९८७ पासून खडू-फळा योजना सुरू झाली. प्रत्येक प्राथमिक शाळेला बाराही महिने वापरता येतील अशा निदान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि शिकवण्याचं साहित्य मिळावं, असा तिचा हेतू. आमच्याकडे पृथ्वीचा गोल, नकाशे, विज्ञानाची पेटी असं सामान आलं. हेतू चांगला, सामानही बरं. पण ते डेडस्टॉक रजिस्टरला चढलं आणि माझ्या मनात भीती बसली. भिंग फुटलं तर भरपाई कोण देणार? पगारातून कापून घेतली तर? म्हणून पेटी कपाटात आणि किल्ली माझ्या कमरेला. तपासणीला साहेब आले की पेटी बाहेर काढायची, पुसायची, मांडायची. ते गेले की परत आत. आता आठवलं की लाज वाटते.

त्या सुमाराला शेजारच्या मोठ्या गावच्या शाळेत टीव्ही आला. मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी बालचित्रवाणी ही संस्था पुण्यात १९८४ साली सुरू झाली होती. पण कार्यक्रमाच्या वेळी वीज असेल तर ना! १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा मात्र वीज गेली तर सारं गाव तारेवर आकडा टाकायला धावे. शाळेचा टीव्ही रविवारी हारफुलं घालून पुजला जाई आणि सोमवारी त्याच्यावर कापड पडे. गावाला मी दोष देत नाही. ते यंत्र गावाच्या कामाचं होतं, वर्गाच्या कामाचं झालंच नव्हतं.

टेपरेकॉर्डरची गोष्ट वेगळी. तो आमच्या शाळेला मिळाला तो कविता ऐकवण्यासाठी. जाड सेल लागत, ते पदरचे पैसे घालून आणावे लागत. दुसरीत एक मुलगी होती. वर्षभरात तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. घरी बोलते म्हणून आई शपथ घेऊन सांगे. एक दिवस मी कोरी कॅसेट लावली आणि सगळ्यांचे आवाज भरले. तिच्यापुढं डबा धरला, तेव्हा तिनं फक्त आपलं नाव सांगितलं, तेही कुजबुजून. आवाज मोठा करून परत लावलं. आपलाच आवाज त्या डब्यातून आलेला ऐकून ती अशी हसली की काय सांगावं! दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. त्या दिवसापासून मी कपाटाची किल्ली खुंटीला टांगून ठेवायला लागलो. पुढं भिंग फुटलंच. माझ्याकडून कुणी काही कापून घेतलं नाही.

कॉम्प्युटरबद्दल फार लिहीत नाही. मधल्या काळात मी ज्या मोठ्या शाळेत होतो तिथं तीन आले. प्लॅस्टिकच्या आवरणाखाली ते जपून राहिले आणि खरे उंदीर त्यांच्या वायरी कुरतडून गेले.

मग २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम आला आणि गावोगाव डिजिटल शाळेची हवा सुरू झाली. आमच्या गावानंही लोकवर्गणी काढली. आमचा भाग ऊसतोडीचा. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीच्या आगेमागे मुलाबाळांसह कारखान्यावर जायचं. त्या उचलीतून लोकांनी शाळेला शंभर-दोनशे रुपये दिले. एका बाईनं पदराची गाठ सोडून पन्नास रुपये ठेवले आणि म्हणाली, "गुर्जी, पोरं शिकतील ना याच्यावर?" मी "हो" म्हणालो.

टीव्ही आला, भिंती रंगल्या, फोटो निघाले. आणि दीड वर्षात बिल थकलं म्हणून शाळेची वीज तोडली गेली! वर्गणी यंत्रासाठी काढली होती, बिलासाठी नाही. गावानं मोटार घेतली असती तर विजेचा हिशेब आधी केला असता. त्या बाईला मी बरेच दिवस तोंड दाखवायचं टाळलं.

पण खरी गोष्ट आता सांगतो. तिसरीतली एक हुशार मुलगी होती. पोरांना गावातच ठेवता यावं म्हणून हंगामी वसतिगृहं असतात, आजी-आजोबांजवळ राहून जेवण शाळेत मिळतं. पण हिच्या आईला तान्हं मूल होतं आणि ते सांभाळायला कुणी नव्हतं. ऊस तोडायला माणसं पहाटे तीनला उठतात, तेव्हा बाळाजवळ कोण? म्हणून २०१८ च्या दिवाळीनंतर पोरगी कारखान्यावर गेली. अशी गेलेली पोरं परत येतात तेव्हा वर्ष बुडालेलं असतं, आणि पुढच्या खेपेला ती यायचीच थांबतात. हे मी तीस वर्षं पाहत होतो. हजेरीपटावर रेघ ओढण्यापलीकडे माझ्या हातात काही नव्हतं.

तोवर मोबाइलवरचं इंटरनेट स्वस्त झालं होतं. तिच्या बापाकडे साधासा स्मार्टफोन होता, गाणी ऐकायला घेतलेला. मी त्याला सांगितलं, "पोरीचं पुस्तक गाठोड्यात बांध. मी रात्री आठला धडा वाचून आवाज पाठवीन. तिनं ऐकून परत वाचायचा आणि तू तो मला पाठवायचा." त्याला स्वतःला अक्षर येत नव्हतं. लाल बटण कुठलं, हिरवं कुठलं, ते दाखवून दिलं.

पहिले आठ दिवस काहीच आलं नाही. मला वाटलं, संपलं. नवव्या दिवशी रात्री आवाज आला. आधी बैलांच्या गळ्यातली घुंगरं, मग लांबवर कारखान्याचा भोंगा, मग बाळाचं रडणं, आणि त्या सगळ्यात ती पोरगी धडा वाचत होती. दोन ठिकाणी अडखळली. शेवटी बाप म्हणाला, "गुर्जी, चार्जिंगच नव्हती. आता चहाच्या टपरीवर लावतो रोज." कोपीत वीज नव्हती. दिवसभर मोळ्या वाहून तो माणूस फोन चार्ज करायला टपरीवर जाऊन बसत होता. पाडव्याला ती परत आली तेव्हा वर्गापेक्षा चार धडे मागे होती. वर्षभर मागे नव्हती.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, ते तुम्ही ऐकलं असेल. पुस्तकातल्या चौकोनी खुणेवर, म्हणजे क्यूआर कोडवर, मोबाइल धरला की धडा ऐकू यावा, ही युक्ती त्यांनी वर्गात आणली. ती मोठी माणसं. माझं काम एका पोरीपुरतं आणि एका टपरीपुरतं.

आणि लगेच त्याची दुसरी बाजूही पाहिली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. अभ्यास मोबाइलवर पाठवा, असा हुकूम. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' कार्यक्रम लागला, तो ज्यांच्या घरी टीव्ही त्यांना. वाड्या-वस्त्यांवर फिरलो तेव्हा कळलं, फोन एक आणि पोरं तीन. तो जायचा थोरल्या मुलाकडे, आणि तो त्यावर खेळ खेळायचा. मुलीला विचारलं की ती म्हणायची, "दादा देत नाही." आई म्हणायची, "तिचं काय, ती भांडी घासते." मग मी कडुनिंबाखाली पाट्या घेऊन बसायला लागलो, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग डिसेंबर २०२१ मध्ये परत भरले. तेव्हा तिसरीतली काही पोरं व्हिडिओ शोधण्यात पटाईत होती आणि 'कमळ' वाचताना घामाघूम होत होती.

आम्हा शिक्षकांचंही त्या फोननं वेगळंच करून ठेवलं. खिचडीचा फोटो पाठवा, हजेरी भरा, माहिती आजच्या आज द्या. रेंज नाही म्हणून टेकडीवर चढून माहिती भरणारा मास्तर तुम्ही पाहिला असेल. त्या वेळात वर्गात कोण असतं, ते वर्गालाच ठाऊक.

म्हणून वर्गणीची पावती पुढं आली की एवढं विचारा: बिल कोण भरणार, आणि पोरांच्या हाताला ते लागणार की नाही. घरात एकच फोन असेल तर रोजचा अर्धा तास मुलीच्या नावानं काढून ठेवा. आणि पोरगं वाचत असताना जवळ बसा. तुम्हाला अक्षर येत नसलं तरी चालतं. त्या ऊसतोड्यालाही येत नव्हतं.

त्याचाच फोन गेल्या हंगामात आला. थोरली आता आजीजवळ राहून हायस्कूलला जाते. धाकटा, तेच कोपीतलं बाळ, दुसरीत आहे आणि कारखान्यावर बरोबर नेलेला. म्हणाला, "गुर्जी, तुम्ही रिटायर झाला ते ठाऊक हाये. नव्या बाईंना लई कामं असत्यात. तुम्ही पाठवाल का धडा? फोन संध्याकाळीच भरून ठेवतो."

माझ्याकडे दुसरीचं पुस्तक नव्हतं. शेजारच्या पोराचं मागून आणलं आणि आठ वाजता वाचायला बसलो.