बल्ब सगळ्यात शेवटी
लेखमाला : गाडी आपली, रस्ता सगळ्यांचा – भाग ९

मागच्या भागात बॅटरी आणि अल्टरनेटर पाहिले. आता त्यांच्यावर चालणाऱ्या हेडलाइटकडे वळू. देवगड तालुक्यात रात्री गाडी चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते : पुढचं काही दिसत नाही, मोठे बल्ब टाकायला हवेत.

तक्रार खोटी नाही. नांदगाव तिठ्यावर हायवे सोडला की देवगडपर्यंत बराचसा रस्ता काळोखाचा. कुठे जांभ्याचा गडगा अगदी अंगावर येतो, कुठे कलमांच्या बागा, मध्येच उघडा सडा आणि पावसाळ्यात त्यावर उतरलेलं धुकं. दशावताराच्या दिवसांत तर अपरात्री नाटक बघून माणसं कडेकडेने चालत घरी निघालेली असतात. उजेड हवाच. पण आहे तो उजेड जातो कुठे, हे आधी शोधायला हवं.

साध्या गाड्यांत बहुधा एच-४ हॅलोजन बल्ब असतो. अप्परला ६० वॅट, डिपरला ५५. डिपरला तो साधारण १००० ल्युमेन उजेड देतो, अप्परला १६५०. हे आकडे बल्बला पूर्ण व्होल्टेज मिळालं तरच. व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. किनाऱ्यावर ते पडायला वेळ लागत नाही. बॉनेट उघडून हेडलाइटमागचा कपलर ओढून बघा : पितळी पिनांवर हिरवट बुरा धरलेला असतो. अर्थची वायर जिथे बॉडीला आवळलेली असते, तिथला बोल्ट गंजलेला असतो. ही सगळी खाऱ्या हवेची करणी.

इंजिन आणि लाईट चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर व्होल्टेज मोजा, मग बल्ब जोडलेला असतानाच त्याच्या पिनांवर. फरक अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक. एक-दीड व्होल्ट मधेच गळत असेल तर पिना साफ करा, अर्थचा बोल्ट काढून घासून पुन्हा आवळा. एवढं करूनही भागलं नाही तर चांगल्या वायरिंगमन​कडून रिले बसवून घ्या, म्हणजे बल्बला बॅटरीतून थेट जाड वायरने करंट मिळतो. माझ्या मते देवगडमधल्या जुन्या गाडीसाठी यापेक्षा सत्कारणी लागणारा खर्च दुसरा नाही.

मग हेडलाइटची काच. ती म्हणायला काच, असतं पॉलिकार्बोनेट. उन्हाने ते पिवळं, धुरकट होतं. मग आत कितीही महागडा बल्ब लावा, उजेड बाहेर येतच नाही. बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून घासलं, कंपाउंड मारलं आणि वर ऊन झेलणारं कोटिंग दिलं की फरक डोळ्यांनी दिसतो.

तिसरी गोष्ट रोख. डिपरचा झोत १० मीटरवर साधारण १० सेंटिमीटर खाली उतरलेला असावा. एप्रिल-मे महिन्यांत डिकीत आंब्याच्या पेट्या भरल्या की गाडी मागून बसते आणि झोत झाडांच्या शेंड्यांवर जातो. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं, ते यासाठीच. पेट्या भरल्या की आकडा वाढवा, उतरवल्या की शून्यावर आणा.

आता बल्ब. बाजारात १००/९० वॅटचे सहज मिळतात. ते घेऊ नका. एका बल्बचा करंट अप्परला ५ अँपिअरवरून ८ च्या वर जातो. मूळचा कपलर आणि वायर त्यासाठी नसतात, कपलर वितळतो. शिवाय एच-४ ला मंजुरी ६०/५५ चीच. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा फेरबदलाला दर फेरबदलामागे ५००० रुपये दंड आहे, कैदही होऊ शकते.

निळसर काचेचे बल्बही टाळा. काचेवरचा निळा थर उजेडाचा काही भाग अडवतो. प्रकाश पांढराशुभ्र वाटतो, पण वाढत नाही. एलईडीचं दुखणं वेगळं. जुन्या दीपगृहांत तेलाचाच दिवा असे, पण भिंगांमुळे त्याचा उजेड समुद्रात मैलोगणती जाई. हेडलाइटचंही तसंच आहे. एच-४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची इवलीशी वाटी असते; वर जाऊ पाहणारा उजेड ती अडवते. रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटच्या नेमक्या जागेवरून बेतलेला असतो. एलईडीची चिप तिथे मिलिमीटरभर जरी सरकली तरी झोत विस्कटतो आणि समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत घुसतो. ओल्या डांबरावर तर बराचसा उजेड पुढे समोरच्याकडेच परावर्तित होतो. आपल्याला रस्ता दिसत नाही आणि त्याला काहीच दिसत नाही. अरुंद रस्त्यावर, कडेला माणसं चालत असताना, एखाद्याला दोन सेकंद आंधळं करण्याचा हक्क कुणालाही नाही.

खरंच जास्त उजेड हवा असेल तर नामांकित कंपनीचा, ६०/५५ वॅटचाच पण सुधारित फिलामेंटचा पारदर्शक बल्ब घ्या. पाकिटावरच्या '१३० टक्के जास्त' वर जाऊ नका. ती तुलना बहुधा मंजुरीच्या किमान पातळीशी आणि झोतातल्या ठरावीक जागेपुरती असते. फायदा असतो, पण बेताचा, आणि फिलामेंट जास्त तापत असल्यामुळे बल्ब लवकर जातो. बदलताना दोन्ही एकदम बदला, काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलेली जागा तापून बल्ब फुटू शकतो. काढलेले जुने बल्ब चालू असतील तर फडक्यात गुंडाळून डिकीत ठेवा. भुईबावडा घाटात रात्री बल्ब गेला तर तिथे दुकान नाही.