मधल्या सुटीचे मोल

शाळेच्या वेळापत्रकात भाषा, गणित, परिसर अभ्यास अशा सर्व विषयांना आपापले रकाने असतात. त्यांच्या मधोमध एक अरुंद रकाना असतो आणि त्यात 'मधली सुटी' एवढेच लिहिलेले असते. इतर रकान्यांत काय शिकवावे हे शासन ठरविते, कसे शिकवावे हे शिक्षक ठरवितो आणि गुण किती मिळाले हे पालक विचारतात. मधल्या सुटीत काय झाले, हे मात्र घरी गेलेल्या मुलाला सहसा कोणी विचारीत नाही. ज्या वेळेची कोणी चौकशी करीत नाही, तीच वेळ सर्वांत आधी कापली जाते. अभ्यासक्रम मागे पडला, की सुटीतील दहा मिनिटे घेतली जातात. गृहपाठ राहिला, की मुलाला सुटीत वर्गात बसविले जाते. स्नेहसंमेलनाच्या तालमी आल्या, की सुटी पंधरा दिवस नाहीशी होते. फोंडा तालुक्यातील सरकारी शाळांत आयुष्याचा मोठा भाग काढल्यानंतर आम्हांस असे वाटू लागले आहे, की मुलांच्या वाढीच्या दृष्टीने हा अरुंद रकाना इतर कोणत्याही रकान्याहून कमी मोलाचा नाही.

आपल्या भाषेने खेळाला कधी हलके लेखले नाही. ज्या घरात वारा अडत नाही, त्या घरात हवा 'खेळती' असते. व्यापाऱ्याच्या हातातील फिरता पैसा हे 'खेळते' भांडवल. जे जिवंत आहे, वाहते आहे, त्यास मराठी माणूस खेळते म्हणतो. तुकोबांच्या गाथेत हमामा, टिपरी, चेंडूफळी, विटूदांडू या मुलांच्या खेळांवर अभंग आहेत; परमार्थ सांगण्यासाठी त्यांना गल्लीतला खेळ कमीपणाचा वाटला नाही. आमच्या गोव्यात तर शिगमा आणि धालो 'साजरे' करीत नाहीत, ते 'खेळतात'. त्यासाठी गावोगाव 'मांड' राखलेला असतो. मांडाची जागा कोणी बळकावीत नाही. पौषात स्त्रिया तेथे धालो खेळतात, फाल्गुनात पुरुष शिगमा खेळतात. थोरांच्या खेळासाठी जो समाज पिढ्यान् पिढ्या जागा राखून ठेवतो, त्याने मुलांच्या खेळाची वीस मिनिटे का राखू नयेत?

आमच्याच तालुक्यातील माशेल गावी देवकीकृष्णाचे देवस्थान आहे. चोडण बेटावरून मये व तेथून माशेल असा या देवतेचा प्रवास झाला. येथे कृष्ण एकटा नाही. बाळरूपाने तो माता देवकीसमवेत पूजिला जातो. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, पावसाने भिजलेल्या देवळासमोरील मैदानात येथे चिखलकाला होतो. अंगाला तेल चोपडून लहानथोर चिखलात उतरतात, लोळतात, आंधळी कोशिंबिरीसारखे खेळ खेळतात आणि अखेर दहीहंडी फोडतात. त्या दिवशी प्रौढ गृहस्थ आणि पाच वर्षांचे पोर एकाच रंगाचे झालेले असतात. अलीकडच्या काळात राज्य शासनाच्या पर्यटन खात्यानेही या उत्सवाला हातभार लावला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु वर्षातून एक दिवस चिखलाचे कौतुक करावयाचे आणि उरलेले दिवस गणवेशाला माती लागली म्हणून मुलाला रागवावयाचे, ही विसंगती आपल्या ध्यानात यावयास हवी.

आता प्रश्न असा, की सुटी दिली म्हणजे काम संपले काय? तसे नाही. कोणत्याही शाळेचे पटांगण पाच मिनिटे लक्षपूर्वक पाहावे. मधोमध चार दांडगी मुले क्रिकेट खेळतात. एक फलंदाजी करतो, एक चेंडू टाकतो आणि बाकीचे उभे असतात. मुली भिंतीच्या कडेला असतात. पहिलीतील मुले पायरीवर बसून डबा संपवीत असतात. एखादे मूल रोज एकटेच असते. त्याला कोणी मारीत नाही, पण खेळायलाही घेत नाही. ही सुटी असते, खेळ नसतो. मग भांडणे होतात, आणि भांडणे झाली म्हणून सुटी आणखी आखडली जाते. येथे उपाय सुटी कमी करण्याचा नसून खेळ वाढविण्याचा आहे.

त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या अंगणातल्या खेळांची घडण नीट तपासली, तर दुबळ्याला सामावून घेण्याच्या किती युक्त्या आपल्या पूर्वजांनी त्यांत घालून ठेवल्या आहेत, हे पाहून थक्क व्हावे लागते. राज्य कोणावर, हे ठरविण्यासाठी मुले 'चकतात'. हात उताणा-पालथा टाकावयाचा आणि वेगळा पडेल तो सुटला. तेथे दांडगाईला वाव नाही. संघ पाडावयाचे तर दोन तुल्यबळ गडी खांद्यावर हात टाकून बाजूला जातात, एक 'आंबा' होतो, एक 'फणस' होतो, आणि दोन्ही नायकांसमोर येऊन आंबा कोणाला, फणस कोणाला, असे विचारतात. नायकाला आत कोण आहे हे ठाऊक नसते. त्यामुळे संघ समतोल होतात आणि सर्वांत शेवटी निवडले जाण्याचा अपमान कोणाच्याच वाट्याला येत नाही. धाकटे भावंड खेळायला हट्ट धरून बसले, तर त्याला 'कच्चा लिंबू' करावयाचे. तो सर्वांबरोबर धावतो, ओरडतो, पण बाद होत नाही. आणि वर्षा-दोन वर्षांत त्याचा पक्का लिंबू केव्हा होतो, हे त्यालाही कळत नाही.

खेळ निवडतानाही एक कसोटी लावावी: बाद झालेल्या मुलाचे पुढे काय होते? काही खेळांत बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेर बसतो. म्हणजे ज्याला पळण्याची सर्वांत अधिक गरज, तोच सर्वांत अधिक वेळ बसून राहतो. याउलट विषामृतात विषाने गोठलेल्या गड्याला सोबती अमृत देऊन सोडवितो. साखळीत पकडलेला गडी साखळीला जोडला जातो, त्याचे पळणे थांबत नाही. जुन्या हुतूतूचे तीन प्रकार प्रचलित होते. एकात बाद तो बादच. 'अमर' प्रकारात बाद होऊनही गडी मैदान सोडीत नसे, केवळ गुण मोजले जात. 'संजीवनी'त समोरचा गडी बाद झाला, की आपला मेलेला गडी पुन्हा जिवंत होई. आजच्या कबड्डीने हेच तत्त्व उचलले आहे. शाळेच्या पटांगणात अमर आणि संजीवनी जातीचे खेळ हवेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. जो मुलगा आज बाद झाला, त्याला उद्या वर्गात बसून उत्तर द्यावयाचे आहे. एकदा चुकले तरी पुन्हा डावात येता येते, हा धडा तो पाठ्यपुस्तकाआधी मैदानात शिकतो.

'यात अभ्यास बुडतो' असे पालक म्हणतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगणे आवश्यक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली स्पष्ट निवेदन केले, की मधली सुटी मुलाच्या शारीरिक, सामाजिक व बौद्धिक वाढीसाठी अत्यावश्यक असून शिक्षा म्हणून अथवा अभ्यासाच्या कारणास्तव ती काढून घेऊ नये. ज्या फिनलंडच्या शाळांचे जगभर गोडवे गायले जातात, तेथे साधारणतः ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटांची विश्रांती देण्याची प्रथा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावयास हवी. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला क्रीडांगण असावे आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य मिळावे, असे नमूद आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील ३१ व्या कलमाने विश्रांती व खेळ हा मुलाचा हक्क मानला. भारताने ती संहिता १९९२ साली स्वीकारली. आणि २०२४ पासून ११ जून हा आंतरराष्ट्रीय खेळ दिन म्हणून पाळला जाऊ लागला. मुलाला गृहपाठासाठी सुटीत अडकवून ठेवणारा शिक्षक वाईट हेतूने तसे करीत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या चंचल मुलाला तो बसवितो, त्यालाच धावण्याची निकड अधिक असते, आणि पुढल्या तासाला त्याची किंमत वर्गच मोजतो.

आमच्या परिसरातील शाळांचा एक विशेष येथे सांगावयास हवा. १९६१ च्या मुक्तीनंतर, १९६३ साली अधिकारावर आलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. प्रारंभी कित्येक शाळा देवळाच्या अग्रशाळेत वा कोणाच्या ओसरीवर भरत, आणि देवळाचे प्रांगण हेच मुलांचे क्रीडांगण असे. आज पेडणे, डिचोली, फोंडा या भागांत पटसंख्या घटल्यामुळे अनेक शाळा बंद झाल्या. ज्या उरल्या, त्यांपैकी काहींत सर्व इयत्ता मिळून वीस-पंचवीस मुले असतात. क्रिकेटचे दोन संघही तेथे पुरते होत नाहीत. परंतु लगोरी, लंगडी, डबा ऐसपैस, सूरपारंब्या हे खेळ मुळी लहानमोठ्यांच्या अशाच मेळ्यासाठी जन्मले. चौथीच्या मुलीने पहिलीच्या मुलाला बोट धरून लंगडी शिकवावी, हे दृश्य मोठ्या शाळेत दुर्मीळ असते. लहान शाळेत ते रोजचे होऊ शकते.

कोणत्याही शाळेला सहज करता येतील अशा काही गोष्टी सुचवितो. पहिली, खाण्याची वेळ आणि खेळण्याची वेळ वेगळी काढावी. माध्यान्ह आहार संपवितानाच सुटी संपली, तर मूल घास टाकून पळते किंवा खेळ सोडून बसते. दुसरी, एक पेटी ठेवावी. रबरी चेंडू, दोन दोऱ्या, विटीदांडू आणि लगोरीसाठी कडा घासलेले कौलांचे तुकडे एवढे त्यात पुरे. तिसरी, पटांगणातील चिऱ्याचे अणकुचीदार खडे वेचून चुन्याने चौकोन व वर्तुळे आखावीत. रेघ दिसली की मूल आपोआप उडी मारते. चौथी, मैदानाचा मधला भाग वारांनी वाटून द्यावा, म्हणजे मुली आणि लहान मुले कडेला ढकलली जाणार नाहीत. पाचवी, शिक्षकाने अंगणात उभे राहावे, पण शिट्टी घेऊन नव्हे. आठवडाभर एक नवा खेळ शिकवावा आणि मग बाजूला व्हावे. भांडण झाले, तर निवाडा देण्यापूर्वी 'तुमचा नियम काय ठरला होता?' एवढेच विचारावे. नियम मुलांनाच आठवतात, आणि बहुतेक भांडणे तेथेच मिटतात.

राहिला पावसाचा प्रश्न. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर पटांगण पाण्याखाली असते. या दिवसांत व्हरांडा हाच मांड मानावा. सागरगोटे, पाच खडे, वाघ-बकरी, नवकंकरी, टिपऱ्या, फुगडी यांना फार जागा लागत नाही. पाऊस थांबला, की मुलांना दहा मिनिटे बाहेर सोडण्यास कचरू नये. ओले पाय टॉवेलाने पुसता येतात.

हे सारे महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांना का सांगावे? कारण खेळाची थोर परंपरा महाराष्ट्राबाहेरही जोपासली गेली आहे. द. चिं. मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा मराठी व्यायाम ज्ञानकोश बडोद्याहून निघाला. ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांसमवेत बालशिक्षणाचे कार्य आरंभिले ते गुजरातेतील भावनगर येथे. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघ यांच्या साथीने, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मूल खेळते तेथे जावे, हा त्यामागचा विचार होता. आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्ली येथे झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद पटकाविले, तेव्हा नेतृत्व प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे या मराठी खेळाडूंकडे होते. शाळेच्या पटांगणातला खेळ जगाच्या मैदानापर्यंत पोचला.

याहून जवळचे कारण भाषेचे आहे. इंदूर, हैदराबाद वा बंगळूर येथील आपले मूल शाळेत दुसऱ्या भाषेत शिकते. घरी त्याला मराठी बोलण्याचा आग्रह केला, तर ते एका शब्दात उत्तर देते. परंतु राज्य, डाव, गडी, भिडू, बाद, लोण, खो, कच्चा लिंबू हे शब्द धावता धावता तोंडी बसतात. ते पाठ करावे लागत नाहीत. आजीआजोबांनी गोष्टी सांगितल्या आहेतच. आता संध्याकाळी अर्धा तास इमारतीच्या आवारात चार शेजारची मुलेही गोळा करून लगोरी रचावी. शेजारचे मूल तेलुगू वा कन्नड बोलत असेल, तर तेही 'राज्य कोणावर?' असे मराठीत विचारू लागेल, आणि त्याच्या भाषेतला एखादा खेळ आपल्या मुलास शिकवील.

पालकसभेला जाल, तेव्हा गुणपत्रिकेबरोबर आणखी एक प्रश्न मुख्याध्यापकांना अवश्य विचारा: आमच्या मुलाला रोज किती मिनिटे खेळावयास मिळतात, आणि ती कधी काढून घेतली जातात काय? हा प्रश्न पाच-दहा पालकांनी विचारला, तरी वेळापत्रकातील त्या अरुंद रकान्याकडे शाळेचे लक्ष जाईल. आणि त्याच दिवशी घरी आलेल्या मुलालाही विचारा, की आज सुटीत काय खेळलास, आणि कोणाला खेळायला घेतलेस?